बोबडे बोल ऐका कान देऊन

लहान मुलांच्या डॉक्टरचा दवाखाना म्हणजे दिवसभर रडारड, असा सर्वसाधारण समज आहे. तो बराचसा खराही आहे. पण दोन ते चार या वयाची मंडळी आत आली की रडण्याआधी आणि रडून झाल्यावर जे काही बोलतात, त्याने कंपाउंडरसकट आम्हा सगळ्यांचा शीण जातो. "डॉक्टलबाई, माझं नाक पळतंय," अशी तक्रार एका तीन वर्षांच्या मुलीने माझ्याकडे केली. आई घरी "नाक गळतंय" म्हणत असणार. गळणे म्हणजे काय ते मुलीला ठाऊक नव्हते, पळणे चांगलेच ठाऊक होते. "मग पळून गेलं कुठं?" असे मी विचारले, तर माझ्या अज्ञानाची कीव आल्यासारखे बघून तिने स्वतःचे नाक दोन बोटांत धरून दाखवले. दुसऱ्या एका मुलाच्या पोटावर मी तपासायची नळी ठेवली तर तो श्वास रोखून स्तब्ध झाला आणि हळूच म्हणाला, "काऊ आहेत?" भूक लागली की पोटात कावळे ओरडतात असे आजीने त्याला सांगून ठेवले होते. आता तपासणी चाललीच आहे तर कावळ्यांचीही खात्री करून घ्यावी, असा त्याचा सरळ हिशेब.

आजचा विषय हे असले बोलणेच आहे. कारण याविषयी माझ्याकडे येणाऱ्या पालकांचे दोन गट दिसतात आणि दोघांचीही काळजी उलट्या जागी असते. पहिला गट म्हणतो, "बाई, हा फार बोबडं बोलतो, काही टॉनिक द्या." या मुलाला बहुतेक वेळा काहीही झालेले नसते. दुसरा गट खोकल्या-तापासाठी येतो, मूल दोन-सव्वादोन वर्षांचे असते, गप्प असते, आणि आईवडील कौतुकाने सांगतात, "आमचा फार शांत आहे, अजिबात त्रास नाही." या दुसऱ्या मुलाची मला जास्त धास्ती वाटते. ती का, ते पुढे येईलच. आधी पहिल्या गटाचे समाधान करू.

'क' आधी की 'प' आधी?

शाळेत आपण क, ख, ग, घ पासून सुरुवात करतो. आपली वर्णमाला फार शास्त्रशुद्ध रचलेली आहे. ती घशापासून निघते आणि टाळू, मूर्धा, दात करत ओठांपर्यंत येते. क-वर्ग घशाजवळचा, प-वर्ग ओठांचा. गंमत अशी की मूल शब्द बोलू लागते तेव्हा ही पाटी साधारण उलट्या बाजूने गिरवते. प, ब, म हे ओठ मिटून उघडले की होतात आणि समोरच्या माणसाच्या तोंडावर दिसतातही. म्हणून ते आधी. मग दातांमागचे त, द, न. घशाजवळचे क आणि ग त्यामानाने उशिरा जमतात, कारण जिभेचा मागचा भाग उचलायचा असतो आणि तो कुणाच्या तोंडात दिसत नाही.

यामुळे काय होते? काकाचा 'ताता' होतो, गाडीची 'दादी' होते, खाऊचा 'थाऊ' होतो. 'र' ला जीभ थरथरवावी लागते, तिथे 'ल' वर काम भागवले जाते, म्हणून राजाचा 'लाजा'. 'ळ' आणि जोडाक्षरे तर फार पुढची गोष्ट. पुस्तकाचे 'पुत्तक' आणि स्टेशनचे 'टेशन' हे काही मुलांचेच वैशिष्ट्य नाही, पण मुले हे प्रत्येक जोडाक्षराचे करतात. कधी अक्षरांची अदलाबदल होते. चप्पलची 'पच्चल', कपड्यांचे 'पकडे' आणि बादलीची 'दाबली'. "आई, दाबली भरली!" हे वाक्य ऐकून नव्या पाहुण्याने काय समजावे?

'क' आणि 'ग' बहुतेक मुलांना साडेतीन-चार वर्षांपर्यंत जमतात. 'र', 'ळ', 'ष' आणि अवघड जोडाक्षरे यांना पाच-सहा वर्षे, काहींना त्याहूनही थोडी जास्त लागली तरी चालते. साधा आडाखा असा: घराबाहेरच्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचे निम्मे बोलणे कळावे, तीन वर्षांच्या मुलाचे बारा आणे, आणि चार वर्षांच्या मुलाचे जवळजवळ सगळे. चार वर्षे पूर्ण झाल्यावरही परक्याला बोलणे कळत नसेल तर मात्र वाचा-उपचारतज्ज्ञाला, म्हणजे स्पीच थेरपिस्टला जरूर दाखवावे.

सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ "बाबाबाबा" म्हणू लागते आणि वडील पेढे आणायला धावतात. त्या बिचाऱ्यांचा उत्साह घालवायची माझी इच्छा नसते, पण हे अजून हाक मारणे नसते, ओठांचा व्यायाम असतो. त्याच न्यायाने "मामामामा" सुरू झाले की बाळाच्या आजोळी जल्लोष होतो. सर्वांत अन्याय होतो तो आईवर. 'आई' या शब्दात ओठ मिटायला एकही व्यंजन नाही, त्यामुळे रात्रभर जागणारी ती आणि पहिली हाक मात्र मामाला! खरी हाक, म्हणजे त्याच माणसाकडे बघून, तोच अर्थ मनात धरून मारलेली, साधारण वर्षाच्या आसपास येते.

तोंड बोबडे असते, कान नसतो

मुलाला चुकीचे ऐकू येते म्हणून ते चुकीचे बोलते, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते, आणि याची परीक्षा तुम्ही घरी सहज घेऊ शकता. कावळ्याला 'तावला' म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही मुद्दाम विचारा, "तावला आला का?" ते चिडेल. "तावला नाही, तावला!" त्याला म्हणायचे असते की तावला नाही, कावळा. तुम्ही चुकलात हे त्याच्या कानाला बरोबर कळते, फक्त स्वतःच्या जिभेला तो 'क' अजून साधत नाही. अमेरिकेतील जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अभ्यासकांनी १९६० साली अशाच एका मुलाची हकीकत नोंदवली होती. तो माशाच्या इंग्रजी नावातला 'श' म्हणू शकत नव्हता, 'फिस' म्हणत होता. पण मोठ्यांनी 'फिस' म्हटले की नाकारत होता.

हा कान तयार कधी होतो? जन्माच्या आधीपासून. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला पोटात ऐकू येत असते आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखते. पुढची गोष्ट तर आपल्या भाषांशीच संबंधित आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. त्यांच्या आईवडिलांना तो कळत नव्हता, कारण इंग्रजीला त्याची गरज नाही. आणि वर्षाचे होता होता या बाळांचीही ती शक्ती बरीच ओसरली होती. म्हणजे पहिल्याच वर्षात, एक शब्दही नीट बोलण्याआधी, घरच्या भाषेला कोणते आवाज लागतात याची निवड मेंदू करून ठेवतो. हे वर्ष कानाचे आहे. ते फुकट गेले तर भरून काढायला फार कष्ट पडतात.

नियम कुणी शिकवला?

आता उच्चार सोडून व्याकरणाकडे वळू. इथे तर मुलांच्या अकलेला दाद द्यावीशी वाटते.

अडीच वर्षांचे मूल म्हणते, "मी करलं." घरात 'करलं' असे कुणी म्हणत नाही. मग हे आले कुठून? बसणे–बसलं, पडणे–पडलं, धरणे–धरलं हे ऐकून मुलाने नियम काढला आणि तो 'करणे'ला लावला. नियम त्याचा बरोबर आहे. 'केलं' हा अपवाद आपल्या भाषेने करून ठेवला, त्याला तो काय करणार? तसेच "बाबा येला", "मी खालं". एक घोडा, दोन घोडे असे असेल तर एक काका, दोन 'काके' का नकोत? याच जीन बर्को यांनी १९५८ साली मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव 'वग' असे सांगितले होते. मग दोन प्राण्यांचे चित्र दाखवून विचारले, तर मुलांनी त्या जन्मात न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन इंग्रजीच्या नियमाने बरोबर करून दिले. मुले पोपटासारखी नुसती नक्कल करत नाहीत, हे त्यावरून चांगले सिद्ध झाले.

मराठीत आणखी एक मजा आहे. आपले क्रियापद बोलणारा पुरुष की बाई हेही सांगते. मुलगा दिवसभर आईच्या तोंडून "मी येते, मी जेवते" ऐकतो आणि तसेच म्हणतो. मग आजी घाबरते, "हा बायकी बोलतोय!" मोठ्या भावाच्या मागे फिरणारी मुलगी "मी आलो" म्हणते. काही बिघडत नाही, बहुतेकांचे चार वर्षांच्या आत आपोआप जागेवर येते. (कोल्हापूरकडे तर मोठ्या बायकाही "मी जातो, मी आलो" म्हणतात, तिथल्या आज्यांना ही काळजी निम्मी कमी.) एका घरातला मुलगा वडिलांना 'अहो' म्हणत असे, कारण आई त्यांना तेच म्हणायची. दुसरीकडे मूल "तुला दुदू पाहिजे" म्हणून स्वतःच दूध मागते, कारण त्याला रोज विचारले जाते, "तुला दुदू पाहिजे?" 'मी' आणि 'तू' हे शब्द बोलणारा बदलला की माणूस बदलतात, हे कोडे सुटायला वेळ लागणारच. "काल आपण जत्रेला जाऊ" हेही त्यातलेच. आज नाही एवढे पक्के कळलेले असते, पुढचे की मागचे ते मग.

अर्थाच्या बाबतीत मूल एकच शब्द पुरवून पुरवून वापरते. चार पायांचे ते सगळे 'भूभू', मग ती म्हैस का असेना. पांढरी दाढी दिसली की 'आबा', मग ते एसटीतले अनोळखी गृहस्थ असोत. आणि शब्द नसला तर बनवते. पायात पायमोजा, हातात हातमोजा, म्हणून कानटोपीला 'डोकेमोजा' म्हणणारा एक बालक माझ्या पाहण्यात आहे. भाषाशुद्धीची समिती बसवूनही याहून चांगला शब्द निघाला नसता.

तर पालकहो, तुमचे मूल 'करलं' म्हणते, 'तावला' म्हणते, त्यासाठी टॉनिक नाही आणि नकोही. वेखंड उगाळून जिभेला चोळण्याची चाल आपल्याकडे आहे. त्याने 'र' येत नाही, मुलाला उलट्या मात्र होऊ शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधही चाटवू नये, त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होते. "जीभ चिकटलेली आहे, कापून आणा" असा सल्ला शेजारी देतात. जिभेखालचा पडदा आखूड असला तर अंगावर पिताना त्रास होऊ शकतो, एखाददुसरा उच्चारही अडू शकतो. पण मूल अजिबात बोलत नाही याचे कारण तो पडदा नसतो.

मग करायचे काय? मूल म्हणाले "दादी आली", तर "हो रे, गाडी आली! लाल गाडी आली!" असे म्हणावे. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला, आणि त्याचा अपमानही झाला नाही. "दादी नाही, गाडी. म्हण ग-ग-गाडी. पुन्हा म्हण" हे करू नये. पाहुण्यांसमोर "ते कसं म्हणतोस रे, म्हणून दाखव ना" अशी बाहुली नाचवू नये. हसू येते, हसावे. पण मुलाबरोबर हसावे, त्याला हसू नये. दोन-अडीच वर्षांच्या मुलालाही यातला फरक कळतो आणि काही मुले त्यामुळे परक्यांपुढे बोलणेच टाकतात. भूभू, माऊ, चिऊ, मम्म हे शब्द वापरल्याने मूल मागे पडते असेही नाही. आया बाळाशी जे लांबवून, उंच सुरात, हेल काढून बोलतात ते मुलाला शब्द सुटे करून ऐकायला उपयोगीच पडते. लाजू नका. घरात अहिराणी, दारात मराठी आणि गल्लीत हिंदी असली तरी मूल गोंधळून मुके होत नाही. दोन भाषांचे शब्द काही काळ एकाच वाक्यात येतात, एवढेच. ज्या भाषेत तुम्हाला मनापासून बोलता येते तीच बाळाशी बोला. त्याच्यासाठी मोडके इंग्रजी बोलण्याची काही गरज नाही.

अडीच-तीन वर्षांच्या सुमारास काही मुले "मी मी मी मी काल" असे अडखळू लागतात. विचार पळतात आणि तोंड मागे राहते. बहुतेकांचे हे अडखळणे आपोआप थांबते. तोवर "नीट बोल, सावकाश बोल" असे सांगू नये, वाक्य आपण पुरे करू नये, शांतपणे ऐकून घ्यावे. सहा महिन्यांहून जास्त टिकले, किंवा बोलताना चेहरा वाकडा होऊ लागला, डोळे मिटू लागले, तर मात्र दाखवावे.

मोबाइलबद्दल मी या जागेवर वारंवार लिहिते म्हणून थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नये, दोन वर्षांपर्यंतही शक्यतो नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासापेक्षा जास्त नको. कारण सोपे आहे. मोबाइल बोलतो, पण मूल काय म्हणाले ते ऐकायला थांबत नाही. "दादी" म्हटल्यावर "हो रे, गाडी" म्हणणारे त्यात कुणी नसते.

ज्या घरात हसू येत नाही

आता दुसऱ्या गटाकडे. काही वर्षांपूर्वी दोन वर्षे चार महिन्यांचा एक मुलगा सर्दीसाठी आला होता. गुटगुटीत, हसरा, डोळ्याला डोळा देणारा. बोलत नव्हता. आईवडिलांना काळजी नव्हती, कारण वडील स्वतः म्हणे तीन वर्षांचे झाल्यावर बोलले होते आणि एके ठिकाणी "मुलगे उशिराच बोलतात, पाच वर्षांपर्यंत वाट बघा" असा सल्लाही मिळाला होता. बरोबर आजी होती. निघता निघता ती म्हणाली, "बाई, ह्याच्या चुलतभावानं बोबडं बोलून आम्हाला हसवून हसवून मारलं. ह्याच्या बोलण्याला दोन वर्षांत एकदासुद्धा हसलो नाही. हा चुकतच नाही."

शाळा न शिकलेल्या त्या बाईने नेमके बोट ठेवले होते. चूक करायलासुद्धा आधी ऐकावे लागते. मी माहिती विचारली. मूल दिवस भरण्याआधी जन्मलेले, वजन कमी, काविळीसाठी नवजात कक्षात ठेवलेले. "ऐकू येतं हो, आम्ही ताट वाजवून पाहिलंय" असे वडील म्हणाले. ताट वाजवून पाहणे ही काही परीक्षा नव्हे. ताटाचा हादरा जमिनीतून कळतो, हात हललेला दिसतो, आणि ताटाचा दणका ऐकू येणाऱ्यालाही बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येतीलच असे नाही. कानांची 'बेरा' तपासणी झाली. दोन्ही कानांना तीव्र बहिरेपणा निघाला.

दोन्ही कानांना श्रवणयंत्रे बसली. वाचा-उपचार सुरू झाले. आठवड्यातून एक दिवस तज्ज्ञ आणि उरलेले सहा दिवस आई. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना ती त्याच्याशी बोलत राही, उत्तर नसले तरी. पाच महिन्यांनी पहिला शब्द आला. साडेचार वर्षांचा असताना तो दवाखान्यात आला आणि खिडकीबाहेर बघून म्हणाला, "तावला!" आजीने त्या दिवशी खरोखर पेढे वाटले. हे मूल सहा महिन्यांचे असताना सापडले असते तर आज ते कुठे असते, असा प्रश्न आईने मला विचारला होता. त्याचे उत्तर कडू आहे, पण ते इतर पालकांसाठी सांगितले पाहिजे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत कळला आणि लगेच उपचार सुरू झाले त्या मुलांची भाषा, उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती.

जन्मतः लक्षणीय बहिरेपणा असलेली बाळे हजारी साधारण एक ते तीन असतात. जिथे अपुऱ्या दिवसांचा जन्म, रक्त बदलावे लागेल इतकी कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणी आईला झालेला रुबेला, घराण्यात बहिरेपणा किंवा नात्यातले लग्न आहे, तिथे धोका जास्त. पण काहीही कारण नसलेल्या घरातही हे होते. आणि फसवणारी गोष्ट अशी की ऐकू न येणारे बाळही तीन-चार महिन्यांचे असताना 'अगू, अगू' करते. फरक पडतो तो त्यापुढे. ऐकणारे बाळ दहा महिन्यांच्या आत "बाबाबा, दादादा" सुरू करते. ते दहाव्या महिन्यापर्यंत आले नाही तर तपासणी करून घ्या. वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून वस्तू सांगत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत "बाबा ये", "दुदू नको" असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात या. या सगळ्याचे कारण बहिरेपणाच असेल असे नाही. स्वमग्नता असू शकते, वाढ एकूणच मंद असू शकते. सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे साचलेले पाणीही असू शकते आणि ते औषधाने वा छोट्या शस्त्रक्रियेने बरे होते. काही मुले खरेच नुसती उशिरा बोलतात. पण ती कोणती, हे तपासल्याशिवाय घरबसल्या ठरवता येत नाही. कान तपासल्याने कुणाचे नुकसान झालेले नाही.

तपासणीला घाबरण्यासारखे काही नाही. 'ओएई' म्हणजे झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवून काही मिनिटांत होणारी चाचणी. सुई नाही, दुखणे नाही. तीत शंका आली तर 'बेरा'. पहिली चाचणी महिन्याच्या आत, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत, हे जगभर मानलेले वेळापत्रक आहे. प्रसूतीनंतर घरी सोडण्याआधी "कानांची तपासणी झाली का?" एवढे विचारायला विसरू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच राज्यातून, पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाडीत तपासणीसाठी येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि पथकाला वजनाबरोबर बोलण्याविषयीही सांगा. पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते, त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. यंत्राने भागत नसेल अशा लहान मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रियेला सरकारी योजनेतून मदत मिळते, पण तिला वयाची अट असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी १९८३ पासून आहे.

शेवटी एक काम. एक साधी वही करा. मूल जो शब्द जसा म्हणेल तसा लिहा, शुद्ध करून नव्हे. शेजारी अर्थ आणि तारीख. 'दाबली – बादली – १२ जून.' पुढे दहावीच्या निकालाला ती वही काढून सगळ्या घराने हसायला हरकत नाही. पण दवाखान्यात येताना ती बरोबर आणा. "बोलतो की थोडं थोडं" यापेक्षा त्या दोन पानांवरून मला कितीतरी जास्त कळते. आणि महिनाभर वहीत नवीन काहीच लिहायला मिळाले नाही, तर सर्दी-खोकल्याची वाट न बघता या.